अजून एक वर्ष

मंगळवार, रात्री

पोलीस भरतीची अंतिम यादी आज लागली. आमच्या अभ्यासिकेतल्या दोघी लागल्या, एक वेटिंगला आहे, आणि जिच्याबद्दल सगळ्यांची खात्री होती ती दोन मार्कांनी राहिली. लागलेल्यांच्या दारात गुलाल उधळला, हलगी वाजली, फ्लेक्सची ऑर्डरही गेली. फ्लेक्सला लोक नावं ठेवतात, मी ठेवणार नाही. पोरीचा फोटो चौकात लागला की शाळेला निघालेल्या बारक्या पोरी तिथे थांबतात, नाव वाचतात, कुणाची कोण ते एकमेकींना सांगतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण माझं चित्त आज त्या राहिलेल्या पोरीपाशीच आहे. नाव इथे लिहीत नाही. ग्राउंड तिचं उत्तम गेलं होतं. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत मारलं की २० पैकी २० पडतात, ते तिने पाडले होते. लेखीत मराठी व्याकरण, चालू घडामोडी सगळं ठीक होतं. अंकगणिताने घात केला. काळ, काम, वेग आणि शेकडेवारी. आठवीपासून तिला या प्रकरणांची धास्ती, आणि आमच्या अभ्यासिकेत गणित नीट शिकवणारं कुणी नाही. मी मराठीची शिक्षिका. समास आणि प्रयोग मी झोपेतही शिकवीन, पण त्यापुढे माझी मदत संपते.

संध्याकाळी ती अभ्यासिकेत आली नाही. तिची आई आली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ऐतवारी पाव्हणं बघाय येणार हायती."

सकाळी निकाल आणि संध्याकाळी स्थळ. पोरगा भरतीत राहिला की घरात म्हणतात, पुढच्या भरतीला बघू. पोरगी राहिली की म्हणतात, बघितलं की एकदा. वयाची अट दोघांना सारखीच आहे, खुल्या गटाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ वर्षांपर्यंत. पोरं ती पुरेपूर वापरतात. पोरींना त्यातलं एखादं वर्ष मिळतं, तेही उसनं दिल्यासारखं. सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, जाहिरातीत जागा असतात, पण त्या जागेपर्यंत पोचायला दोन-तीन प्रयत्न लागतात आणि तेवढा वेळ तिला घरातून कुणी मागून आणत नाही.

गुरुवार

पहाटे पाझर तलावावर गेले. यंदा तलाव लवकरच आटला. माणदेशात हे नवं नाही, पण कोरड्या पात्राचा एक उपयोग आहे. जमीन सपाट आहे, वाहनं नाहीत. आधी पोरी डांबरी रस्त्यावर पळायच्या आणि अंधारात भरधाव टेम्पो गेला की माझ्या पोटात गोळा यायचा. आमच्या सुभेदार आबांनी दोरी टाकून पात्रातच ८०० मीटर मोजलं, कडेला चुन्याची रेघ मारली. ग्रामपंचायतीने एक एलईडी दिवा दिला. आबा फौजेतून निवृत्त झालेत. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आणि एकाही पोरीला उशीर झाला तर तिच्या घरी फोन.

आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. पोरींना हे पाठ आहे. मोही इथून लांब नाही, तिथली माती अशीच, पाऊस असाच. त्यामुळे ललिता बाबर म्हणजे कुणी टीव्हीतली बाई, असं त्यांना वाटत नाही. त्या तिला ललिताताई म्हणतात.

आज ताई आली होती. ताई म्हणजे आमच्या पहिल्या बॅचची पोर, आता मुंबईला पोलीस शिपाई आहे. रजेवर आली की पहिल्या पहाटे तलावात हजर असते. तिने गोळाफेक घेतली. मुलींचा गोळा ४ किलोचा, ६ मीटरला पूर्ण १५ मार्क. बहुतेकजणी तो नुसत्या हाताने भिरकावायला जातात आणि खांदा धरून बसतात. ताईने एकीला थांबवलं. गोळा तळव्यातून काढून बोटांच्या बुडाशी ठेवायला लावला, मग मानेला, जबड्याखाली टेकवायला लावला. कोपर स्वतःच्या हाताने वर उचलून दिलं. "हातानं न्हाई गं, मांडीनं ढकल." पोर गुडघ्यात वाकली, मागच्या पायावर भार घेतला, उठता उठता अंग फिरवलं आणि गोळा सोडला. आबांनी टेप धरली. मघापेक्षा हातभर पुढे. पोरीने ताईकडे बघितलं, ताईने फक्त मान हलवली आणि म्हणाली, परत.

मोबाईलवर गोळाफेकीचे व्हिडिओ हवे तेवढे आहेत, पोरींनी ते बघितलेलेही असतात. पण कोपर वर उचलून देणारा हात त्यात नसतो. शिवाय ही ताई याच तलावात पळाली, हिच्याही घरी स्थळं यायची, हिचीही पहिली भरती गेली होती, हे पोरींना माहीत आहे. ती उभी राहिली तरी अर्धं काम होतं.

एकीची उंची १५३ भरली. पोलिसाला १५५ लागते. तिच्या आईने तिला दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावलं होतं, कुणी सांगितलेल्या गोळ्याही आणल्या होत्या. ताईने तिला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, आता वाढणार नाही, त्यात वर्ष घालवू नकोस. वनरक्षकाला मुलींना १५० चालते आणि ३ किलोमीटर पळायचं असतं, तुझा दम लांबच्या पळण्याचा आहे, तिकडे वळ. पोर रडली. तरी सांगायला हवंच होतं. क्लासवाले सांगत नाहीत, कारण फी बुडते. खोटी आशा लावून कुणाचं वय खर्च करणं मला फार मोठा अन्याय वाटतो, आणि पोरींच्या बाबतीत तर तो दुप्पट, कारण त्यांच्या हातात वर्षं मुळातच कमी.

परत येताना आरोग्य उपकेंद्रात डोकावले. मागे आशाताईंना बोलावून सगळ्या पोरींचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं होतं. एकीचं आठ निघालं. ही पोर रोज पळत होती, मागे पडत होती, आणि आम्ही सगळे तिला म्हणत होतो, जोर लाव. जोर कुठून लावणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. आमच्या त्या तपासणीपासून बचत गटाच्या बायका शेंगदाणा-गुळाचे लाडू करून देतात आणि लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही हे आशाताई दर आठवड्याला बजावतात. आज त्या पोरीचं अकराच्या पुढे गेलंय. आणि वेळही सुधारली. पोरींना जिद्दीवर भाषण द्यायला पुष्कळजण येतात. मला दर वेळी वाटतं, त्यांनी येताना दोन किलो शेंगदाणे आणावेत.

शनिवार

३ जानेवारीला आम्ही शाळेत सावित्रीबाईंवर भाषणं करतो, त्यात शेण-दगडांचा प्रसंग हमखास असतो. असायलाच हवा. पण आज तिचं १८५६ सालचं पत्र पुन्हा वाचलं, नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं. आजारी पडून माहेरी आलेली बाई. आणि काळजी कसली, तर माझ्यामागे फातिमाला कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, याची. मला हा भाग भाषणात घ्यायचाय. सावित्रीबाई एकटी शेण झेलत शाळेत गेली एवढंच सांगितलं की पोरींना वाटतं, धीर असला तर एकटीला सगळं जमतं, आणि आपल्याला जमत नाही म्हणजे आपल्यातच कमी आहे. तिच्याभोवती माणसं होती. शिकवणारा नवरा होता, जोतीरावांना वाढवणारी सगुणाबाई होती, अहमदनगरला अध्यापनाचे धडे देणाऱ्या मिशनरी सिंथिया फरार बाई होत्या, आणि ती आजारी असताना शाळा चालू ठेवणारी फातिमा शेख होती. धीर तिचाच, पण तो एवढ्याजणांनी राखला.

उद्याचं डोक्यातून जात नाही. रात्री आक्कांना फोन केला. आक्का बचत गटाच्या अध्यक्ष, गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे. म्हणाल्या, "पाव्हण्यांच्या आधी आपण जाऊ."

रविवार

गेलो. आक्का, आबा, मी आणि गटातल्या दोघीजणी. पोरीचे वडील अंगणात होते, चेहऱ्यावरूनच कळलं की आमचं येणं त्यांना जड गेलंय. चहा झाला. त्यांनीच सुरुवात केली. स्थळ चांगलं आहे, एकुलता एक आहे, बागायत आहे, हुंडा नको म्हणतात. मग जरा आवाज चढला. "मॅडम, तुम्ही शिकिवता, उद्या ती राहिली घरात बसून तर लोक मला इचारणार, तुम्हाला न्हाई."

खरं होतं ते. त्या माणसाला वाईट ठरवून उठता आलं असतं, पण तो वाईट नाही. दोन वर्षं पाऊस नाही, धाकटी पाठोपाठ उभी आहे, आणि स्थळ आज आहे तर उद्या असेलच असं नाही. त्याच्या डोक्यात त्याचा हिशेब पक्का आहे. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर पाच बायकांमागे एकीचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं. त्या मानाने हे घर पुढेच आहे. पोर एकवीस वर्षांची आहे, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मी भाषण केलं नाही. वहीत लिहून नेलेलं दाखवलं. कट ऑफ किती, हिचे किती, कुठल्या विषयात किती गेले. दोन मार्क म्हणजे दोन गणितं. आबांनी सांगितलं, फौजेत माझे तीन प्रयत्न झाले. वडील वहीकडे बघत राहिले. मग आक्का बोलल्या, आणि खरं काम त्यांनी केलं.

"थोरल्याला किती वर्सं दिली?"

ते गप्प.

"तीन दिली. पुण्यात खोली करून दिली. महिन्याला पैसे धाडलं. म्या गटातनं कर्ज दिलंय, मला म्हाईत हाय. आन् ही घरचं खाऊन, शेण काढून, तळ्यात पळून दोन मार्कांनी राहिली. हिला एकच दे."

आतून काही आवाज नव्हता. मग आई बाहेर आली. मंगळवारी दारात उभी राहून खाली बघून बोलणारी बाई, आज नवऱ्याकडे सरळ बघून म्हणाली, "देऊ या की."

अर्धा तास आणखी गेला. पाहुणे दुपारी यायचे होते, त्यांना वडिलांनी स्वतः फोन लावला आणि परीक्षेचं सांगितलं. पलीकडून काय म्हणाले कळलं नाही, फार गोड नसावं. अटीही घातल्या. पुढची भरती होईपर्यंतच, आणि तिचा खर्च तिने बघायचा. अट कठीण आहे, पण पोर लगेच हो म्हणाली. गावच्या दूध संकलन केंद्रात दुधाचं फॅट मोजायला माणूस हवंच होतं, आबांनी तिथल्या तिथे चेअरमनना विचारलं. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, म्हणजे ग्राउंड आणखी आधी उरकावं लागेल. आबा म्हणाले, मी साडेचारला येईन, झोप तरी कुठं लागते.

मला समाधान आहे, पण निर्धास्त नाही. मंजूर झालंय ते एक वर्ष. पुढची जाहिरात कधी निघेल ते कुणाच्या हातात नाही, लांबली तर हेच अंगण, हीच चर्चा पुन्हा. तरी पुन्हा जाऊ. धाकटीसाठीही जाऊ.

निघताना पोर फाटकापर्यंत आली. रडेल असं वाटलं होतं, तिने वही पुढे केली. "मॅडम, काळ-काम-वेग कोण शिकवणार मला?"

मी आक्कांकडे बघितलं. आक्कांची धाकटी सून गणितात एम.एस्सी. आहे. लग्न होऊन आल्यापासून तिच्या हातात खडू नाही. दिवस गोठ्यात आणि चुलीपुढे जातो, आणि संध्याकाळी सातला, अभ्यासिका भरते त्याच वेळी, ती भाकऱ्या करत असते. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आजवर कुणी बोललेलं नाही. आज मी बोलले. "आक्का, सूनबाईंना विचारायचं का?"

आक्का जरा वेळ बोलल्या नाहीत. पदर खोचला, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "सात ते आठ धाडीन तिला. भाकरी म्या थापते."