मापवही, कोट आणि पत : आमची वाटचाल

मुंबईत ठाकूरद्वारच्या ज्या गाळ्यात आजही आमच्या शिंपीकामाच्या दुकानाचे कटिंगचे टेबल उभे आहे, तो गाळा माझ्या वडिलांनी 1979 साली पागडीवर घेतला. त्याआधी अकरा वर्षे ते फोर्टमधल्या एका जुन्या दुकानात काज-बटणापासून कटिंगपर्यंतचे काम शिकले होते. त्यांच्याबरोबर त्या दुकानातून फक्त एकच माणूस आला, तो म्हणजे काज करणारे चाचा. चाचांना पगार किती मिळणार हे पहिले आठ महिने ठरलेले नव्हते आणि त्यांनी ते एकदाही विचारले नाही. जाड दोरा आत धरून त्यावर रेशमी दोऱ्याचा टाका घालत एक काज पुरे करायला त्यांना बारा-पंधरा मिनिटे लागत, आणि कोटाच्या बाहीवरची चारही काजे एका ओळीत आली नाहीत तर ते ती उसवून पुन्हा करत.

टेबलाच्या वरच्या भिंतीवर वडिलांनी दोन तसबिरी लावल्या, त्या अजून तिथेच आहेत. एक पगडी-उपरण्यातल्या लोकमान्यांची आणि दुसरी सुटातल्या बाबासाहेबांची. लोकमान्यांवरचा 1908 चा राजद्रोहाचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला आणि तिथे त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. बाबासाहेबांनी लंडनहून परतल्यावर 1923 साली त्याच न्यायालयात वकिली सुरू केली. ज्या समाजाला अंगावर काय घालावे आणि काय घालू नये हेसुद्धा इतरांनी शतकानुशतके ठरवून दिले होते, त्या समाजातला माणूस नीट बेतलेला सूट घालून न्यायालयात उभा राहिला, यात कपड्याने किती सांगितले असेल याचा विचार करावा. नवीन गिऱ्हाईक आले की वडील त्याला या दोन तसबिरी दाखवून विचारत, ‘‘तुम्हाला लोकांनी काय म्हणून ओळखावे असे वाटते?’’ माप त्यानंतर घेतले जाई. हल्ली ज्याला पर्सनल ब्रँड म्हणतात त्याची चर्चा आमच्या गाळ्यात अशी चाळीस वर्षांपूर्वीपासून चालत आली आहे.

मी 1991 पासून दुकानात बसू लागले. मेरठची बारा इंची कात्री, आठ किलोंची इस्त्री, खांदा दाबण्यासाठी भुसा भरलेली उशी आणि मापवह्या एवढी वडिलांची पुंजी होती. कात्री हातात मिळायला मला चार वर्षे लागली. त्यानंतरची पुष्कळ वर्षे शांतपणे गेली. काम होते, पाच कारागीर होते, दिवाळीचा बोनस वेळेवर जात होता. 2006 साली वडील गेले आणि दुकान माझ्या नावावर झाले. ‘मास्तर कुठे आहेत?’ असे मला विचारणारे लोक मात्र अजूनही येतात, आणि टेप गळ्यात घालून मी समोर उभी असतानाही येतात. हे मी विसरलेले नाही.

2013 साली एक प्रतिमा-सल्लागार आमच्याकडे आले. बँकेतले, विम्यातले अधिकारी, नव्याने दवाखाना काढलेले डॉक्टर अशा लोकांना कपडे, रंग आणि वावर याबद्दल ते सल्ला देत. त्यांची माणसे आमच्याकडे येणार, कापड आम्ही निवडणार, माप आणि शिलाई आमची, आणि कोटाच्या आतल्या खिशावर लेबल त्यांचे, असा व्यवहार तोंडी ठरला. आमचे स्वतःचे लेबल तेव्हा नव्हतेच. खांदा पाहून दुकान ओळखता आले पाहिजे, असे वडिलांचे मत होते आणि मीही ते प्रमाण मानत होते. तीन वर्षे मी त्यांच्या गिऱ्हाइकांना शिकवले की सावळ्या वर्णावर राखाडीपेक्षा गडद निळा का उठून दिसतो, बुटक्या माणसाने कोटाची लांबी अर्ध्या इंचाने का कमी करावी, आणि उजवा खांदा उतरलेला असेल तर पट्टी दोन्हीकडे सारखी का घालू नये. तेच पुढे त्यांच्या व्याख्यानांत त्यांचे म्हणून सांगितले गेले. गिऱ्हाइकांनीच मला ते येऊन सांगितले.

2016 च्या पावसाळ्यानंतर त्यांनी नवी अट घातली. कोट पाच दिवसांत हवा आणि त्यासाठी कोटाच्या आतल्या थराला कॅनव्हासऐवजी फ्यूजिंग वापरावे, असे त्यांचे म्हणणे होते. या धंद्यातल्यांना वेगळे सांगायला नको, पण फरक एवढाच आहे की कॅनव्हास कापडाला हाताच्या शेकडो टाक्यांनी धरलेला असतो आणि अंगाप्रमाणे वळतो, तर फ्यूजिंग गोंदाने चिकटवलेले असते. मुंबईची दमट हवा, लोकलमधला घाम आणि दर महिन्याची ड्रायक्लीनिंग यांत तो गोंद सुटतो आणि छातीवर, लॅपेलवर म्हणजे कॉलरखालच्या दुमडीवर फुगे येतात. फुगे आलेला कोट घालून माणूस समोरच्याकडे कर्ज मागायला किंवा ऑपरेशनची संमती घ्यायला गेला, तर त्याच्या शब्दाआधी त्याचा कोट बोलतो. मी नकार दिला. नमुने पाहायचे म्हणून त्यांच्या माणसाने नेलेल्या आमच्या दोन मापवह्या तीन आठवड्यांनी परत आल्या. त्यांत 211 माणसांची मापे होती. ती सगळी माणसे पुढे एका कारखान्याकडे गेली.

त्याच सुमारास, 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री, पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. आमच्या दृष्टीने तो लग्नसराईचा काळ होता आणि आगाऊ रकमा रोखीत येत. नऊ ऑर्डरी रद्द झाल्या. सल्लागारांकडून येणे असलेले 3 लाख 40 हजार रुपये मी मागितले तेव्हा नोटाबंदीचे कारण पुढे आले आणि नंतर फोन उचलणे बंद झाले. व्यवहार तोंडी असल्यामुळे माझ्या हातात कागद नव्हता. दोन कारागीर गावी निघून गेले. आईच्या पाटल्या मी स्वतः गहाण ठेवल्या आणि त्या दिवशी दुकानात परत येऊन कामाला बसले, कारण एका वकिलाचा कोट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. चाचांची नजर तेव्हा अधू झाली होती. त्यांनी महिनाभर पगार घेतला नाही. पहिल्या आठ महिन्यांसारखाच याही वेळी पैशाचा विषय त्यांच्या तोंडून निघाला नाही.

आम्हाला उभे केले ते वकीलवर्गाने, आणि त्यातही एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी. त्यांनी 1986 साली वडिलांकडून पहिला कोट चार हप्त्यांत पैसे देऊन शिवून घेतला होता. तोच कोट त्यांनी चार वेळा अस्तर बदलून वापरला. ‘‘अगं मुली, न्यायाधीशांना मी त्याच कोटात ठाऊक आहे,’’ असे ते म्हणत. 2017 च्या जानेवारीत त्यांनी आपल्या हाताखालच्या सहा जणांना माझ्याकडे पाठवले. त्यांत चार मुली होत्या. या मुलींच्या कोटांनी आमच्या दुकानाची दिशा बदलली.

भारतात स्त्रियांना वकिली करण्यातली कायदेशीर आडकाठी 1923 च्या कायद्याने दूर झाली. तयार कोटांचे कटिंग मात्र अजून पुरुषांच्याच नमुन्यावर चालते. छातीला ढगळ, कमरेला घट्ट आणि खिसा केवळ शिवून बंद केलेला असा तो कोट असतो. उलटतपासणीच्या वेळी जिला हात वर करताच बाही ओढली जाते, तिचे निम्मे लक्ष बाहीकडे जाते. आम्ही काखेचा घेर वर घेतला, छातीला दोन डार्ट, म्हणजे आकारासाठी शिवलेल्या चुण्या, दिले आणि आत फोन व पेन मावेल असा खरा खिसा ठेवला. उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात उन्हाळ्यातही काळ्या कोटातून सवलत नाही, म्हणून पाठीला अर्धेच अस्तर घातले आणि काखेत सुती कापडाचा जादा तुकडा लावला, जो उसवून धुता येतो.

इथे नव्या वकिलांना एक-दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. काळे कापड दुकानातल्या दिव्याखाली कधी निवडू नये. मंगलदास मार्केटमध्ये गेलात तर दोन ताग्यांचे टोक उचलून बाहेर उजेडात यावे, कारण काही काळे हिरवट असतात आणि काही तपकिरी, आणि हे सहा महिन्यांनी उन्हात उघडे पडते. लोकलमध्ये कोट अंगावर घालू नये. एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवावा आणि अस्तर बाहेर ठेवून तो हातावर घ्यावा. पहिल्या कमाईतून तीन स्वस्त कोट घेण्याऐवजी एक चांगला कोट आणि गळ्यात बांधायचे दहा पांढरे बँड घ्यावेत. बँडला खळ पातळ द्यावी, नाहीतर घडीवर तो चिरतो. जे डॉक्टर, सनदी लेखापाल आणि वास्तुविशारद आमच्याकडे येतात त्यांनाही मी हेच सांगते की दर हंगामात रूप बदलू नका. माणसे तुम्हाला एका आकृतीत लक्षात ठेवतात, आणि ती आकृती जुळायला वर्षे लागतात.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या आणि दुकानही बंद झाले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आणि बार कौन्सिलनेही जाहीर केले की दूरदृश्य सुनावणीला कोट आणि गाऊन नको, पांढरा सदरा, सलवार-कमीज किंवा साडी आणि गळ्यात पांढरा बँड पुरे. ज्या दुकानाचा तीन-चतुर्थांश धंदा काळ्या कोटावर चाले, त्याला हे ऐकताना काय वाटले असेल ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचा फोन आला. त्यांना पन्नास बँड हवे होते, तेही पैसे आधी पाठवून. पडद्यावर गळ्यापासून वरचाच माणूस दिसतो, तेव्हा तिथे चुरगळलेला बँड नको, एवढेच ते म्हणाले. मी घरी पायमशीन मांडून बँड शिवले आणि टपालाने पाठवत राहिले. त्या वर्षात आम्ही 2,300 बँड दिले. कारागीर परत येईपर्यंत भाडे, वीज आणि चाचांचे औषध त्यातून निघाले.

त्या सल्लागारांची जुनी गिऱ्हाइके 2018 च्या पावसाळ्यापासून एकेक करून परत येऊ लागली होती. एका डॉक्टरांनी फुगे आलेला कोट टेबलावर ठेवला आणि नवा शिवायला सांगितला. जुन्यातले लेबल उसवून मी तो त्यांना परत दिला. माझे बुडालेले पैसे मिळाले नाहीत आणि माझ्या शिकवणीवर ज्यांनी नाव कमावले त्यांनी कधी आभार मानले नाहीत. त्याच वर्षी मी प्रथमच आमचे स्वतःचे लेबल विणून घेतले. वडिलांना ते पटले असते की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला, आणि तरीही घेतले.

ते लेबल आतल्या डाव्या खिशाच्या तोंडाखाली शिवलेले असते, तिथे ते घालणाऱ्यालाच दिसते. त्याखाली अस्तरावर मापवहीचा क्रमांक आणि तारीख शाईने लिहिलेली असते. आता चौदावी वही चालू आहे. ज्यांच्या कोटात असा क्रमांक आहे, त्यांनी अस्तर बदलायचे असेल तर कोट मे महिना संपण्याआधी, ड्रायक्लीन करून आणि खिसे रिकामे करून आणावा. जूनमध्ये आम्ही अस्तराची कामे घेत नाही, कारण दमट हवेत ओढलेले अस्तर पुढे हिवाळ्यात आखडते.