अर्धवट राहिलेला चित्रपट पुन्हा हाती घेताना

जुन्या कामाकडे वळून पाहायचं, तर आधी ते दिसायला हवं. २००० नंतरच्या काही वर्षांत कमी पैशांत केलेले कितीतरी लघुपट आणि माहितीपट मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल व्हिडिओ टेपवर चित्रित झाले. ज्यांचं संकलन मध्येच थांबलं, त्यांचं फुटेज अनेकदा फक्त तिथेच आहे. 'कधीतरी पूर्ण करू' ही इच्छा मनापासूनची असेल, तर पटकथा बाजूला ठेवा आणि आधी टेप संगणकावर उतरवा.

टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे पडून राहिलेल्या टेपचा ताण सारखा होतो. उतरवायची फायरवायरनेच, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या डिजिटल केबलने. मूळ डेटा जसाच्या तसा येतो, तासाला साधारण १३ जीबी. ॲनालॉग केबलने उतरवलं तर चित्र पुन्हा एन्कोड होतं आणि तपशील कायमचे जातात. चित्रात चौकोन फुटू लागले तर बहुधा हेड (टेप वाचणारा भाग) घाण झालेलं असतं. क्लीनिंग टेप काही सेकंदच चालवा, कारण ती हेड घासते. एलपी मोडमधली (टेप हळू फिरवून जास्त वेळ बसवलेली) टेप शक्यतो ज्या कॅमेऱ्यावर चित्रित झाली त्याच कॅमेऱ्यावर चालवा. त्या मोडमध्ये ट्रॅक, म्हणजे टेपवरच्या नोंदीच्या पट्ट्या, अरुंद असतात, दुसऱ्या यंत्राचं हेड ते चुकवतं.

आवाजाकडे जास्त लक्ष द्या. काही कॅमेरे १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रण करत. त्याच टेपवर मध्येच ४८ किलोहर्ट्झचा भाग असेल, तर एका दमात उतरवलेल्या फाइलमध्ये आवाज ओठांपासून सुटत जातो. असे भाग वेगवेगळे उतरवा.

फायनल कट प्रो ७ या जुन्या संकलन सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट असेल, तर तो उघडणारं जुनं यंत्र जिवंत आहे तोवर एक्सएमएल (संकलनाची मजकूर स्वरूपातली नोंद) काढून ठेवा. नव्या आवृत्तीत तो थेट उघडत नाही. सगळ्याच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी.

मग रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ फुटेज बघा, जुना कट (तेव्हाचं संकलन) नको. जुन्या कटमध्ये तेव्हाची महत्त्वाकांक्षा गोठलेली असते: वेळ पुरला नाही म्हणून गाळलेले प्रसंग, पैसे नव्हते म्हणून निवेदनाने भरलेल्या जागा. रशेसमध्ये बहुतेकदा वेगळाच, लहान चित्रपट दडलेला असतो. नव्वद मिनिटांचा हट्ट धरून बसण्यापेक्षा त्याची पंचवीस मिनिटं नीट जुळवणं मला जास्त मोलाचं वाटतं. दिग्दर्शकाला हे पटायला जड जातं, पण त्या फुटेजमधली माणसं निदान पडद्यावर येतात.

पुष्कळदा अडतं ते कागदांवर. संगीताचा परवाना फक्त महोत्सवांपुरता घेतलेला असतो, माणसांची संमती तोंडी असते. संकलनात महिने घालवण्याआधी हे तपासा. परवाना मिळणार नसेल, तर ते गाणं टाइमलाइनवरून आजच काढा, नाहीतर कट त्याच्याच लयीत बसतो.

चित्रपटगृहात दाखवायचं असेल, तर सेकंदाला २४ फ्रेमचं डीसीपी (चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत) सर्वांत सुरक्षित. २५ फ्रेमचा चित्रपट त्यात सुमारे ४ टक्के मंदावतो, म्हणजे ७० मिनिटांचा जवळजवळ ७३ मिनिटांचा होतो. आवाजाची पट्टी उतरते, ती वेगळी सुधारून घ्यावी लागते. डीव्हीचं इंटरलेसिंग (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये विभागलेली असणं) काढताना फील्डचा क्रम 'लोअर फर्स्ट', म्हणजे खालचं फील्ड आधी, असा ठेवा. उलटा झाला तर प्रत्येक हालचाल थरथरते.