वाफेला आठानं भागता येत नाही

वायपी हे मीटर गेजवरचं जुनं वाफेचं रेल्वे इंजिन, आणि त्याचं आठपट लहान, खरंच वाफेवर चालणारं मॉडेल मी करतोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही शेडमध्ये त्याची ड्रॉइंगं उलगडली, की कुणीतरी मेस्त्री विचारतातच, "आठानं भागायचं आणि लेथवर टाकायचं. कॉम्प्युटरपुढं एवढं काय बसायचं त्यात?" आयुष्यभर ड्रॉइंग बघून काम काढणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे, त्याला नीट उत्तर द्यायलाच हवं.

आठ हा आकडा रुळांवरून आला. मिरज-कोल्हापूर लाईन 1891 मध्ये सुरू झाली ती मीटर गेजची, आणि 1971 च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत तशीच राहिली. म्हणून मला मीटर गेजचंच इंजिन करायचं होतं. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. मीटर गेजच्या 1000 मिलिमीटरला आठानं भागलं की 125 येतात, आणि माणसं बसवून ओढणाऱ्या छोट्या इंजिनांचा एक रूढ गेज आहे 5 इंच, म्हणजे 127 मिलिमीटर. वायपीचं ड्रायव्हिंग व्हील 1372 मिलिमीटरचं, माझं साधारण 171 चं. इथवर मेस्त्रींचं बरोबर आहे. चाकं, दांडे, केबिन, धुराडं खुशाल भागावं.

पण लांबी आठपट घटली की क्षेत्रफळ 64 पट घटतं आणि घनफळ 512 पट. पाणी, आग आणि वाफ मात्र आहे तशीच राहते.

बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचनळी घ्या. मोठ्या इंजिनावर तिचं भोक 12 मिलिमीटर धरलं, तर माझ्याकडं दीड येतं. इतक्या बारीक नळीत पाणी काचेला धरून आपोआप दीड-दोन सेंटीमीटर वर चढतं, आणि बुडबुडा अडकला तर जागचं हलत नाही. फायरबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरमधल्या आगीच्या पेटीच्या, माथ्यावर पाण्याचा थर जेमतेम तेवढाच असतो! म्हणजे माथा कोरडा पडला तरी काच पाणी आहे म्हणून सांगणार, आणि उघडं पडलेलं तांबं तापून मऊ होणार, दाबाखाली बसणार. म्हणून मी काच प्रमाणाबाहेर मोठी ठेवली. बघणाऱ्याच्या डोळ्यात ती येते. येऊ दे.

धुराच्या नळ्यांचंही तसंच. भागून बारीक केल्या तर काजळीनं तुंबतात, म्हणून कमी आणि जाड घ्याव्या लागतात. मॉडेलवाले कायलरचा ठोकताळा लावतात: नळीची लांबी भागिले आतल्या व्यासाचा वर्ग, दोन्ही इंचांत, उत्तर 50 ते 70 च्या दरम्यान यावं. आता व्यास बदलला की ट्यूबप्लेटवरची, म्हणजे नळ्या बसतात त्या पत्र्यावरची, सगळी भोकं सरकतात. फायरबॉक्स रुंद केला तर फ्रेमला लागतो. राखेचा ट्रे खाली घेतला तर मागच्या चाकांना वळणावर सरकायला जागा उरत नाही. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, एक माप बदललं की बाकीची त्यामागं बदलतात, आणि कोण कुणाला घासतंय ते लगेच दिसतं. वॉलशर्टची 1844 ची व्हॉल्व्ह गियर, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ वेळेवर सोडणारी दांड्यांची जुळणी, मी पडद्यावर अंशाअंशानं फिरवतो, पुढं आणि मागं. मग अ‍ॅक्सलबॉक्स, म्हणजे चाकांचा आस धरणारी पेटी, 3 मिलिमीटर वर उचलून पुन्हा फिरवतो, कारण स्प्रिंगवर इंजिन हललं तरी वाफ वेळेवर सुटली पाहिजे. मेस्त्री, माझे दिवस जातात ते इथं.

त्यापुढचं ज्ञान मात्र कॉम्प्युटरकडं नाही, कोल्हापुरात आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना शेकडा एक आकसतं, गनमेटल हा तांब्याचा मिश्रधातू त्याहून जास्त, हे कॅडमधल्या मापांत मी वाढवून देतो. पण वाफेच्या वाटेचा बारीक कोअर, म्हणजे आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा, ओतताना टिकेल का, हे ओतकामाचे नमुने करणाऱ्या पॅटर्नवाल्यानं नुसतं बघून सांगितलं आणि कोअर प्रिंट, म्हणजे गाभा साच्यात टेकतो ती टोकं, लांब करायला लावली. तसं केलंय.

सिलिंडर ओतून आले की बॉयलरच्या तांब्याला हात घालणार. तो चालणार चौरस इंचाला 80 पौंडांवर, म्हणून आधी गार पाणी भरून 160 पौंडांवर दाबून बघायचा. त्या दिवशी, मेस्त्री, तुम्ही यायचं आणि दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची.