गोदाकाठचे उंच हॉटेल आणि रामकुंडाची वाट
श्रावणी सोमवारी पहाटे रामकुंडाजवळच्या कपालेश्वर महादेवाचे दर्शन घ्यावे, या हेतूने मी आणि आई नाशिकला गंगापूर रस्त्याच्या बाजूला, गोदाकाठी नव्याने उभ्या राहिलेल्या एका उंच, महागड्या हॉटेलात दोन रात्री राहिलो. ‘समोरच्या गोदापार्कमधून नदीकाठानेच रामकुंडापर्यंत आरामात चालत जाता येते’, असे आरक्षणाच्या वेळी आम्हाला ठामपणे सांगितले होते. पावसाळ्यात यावर अजिबात विश्वास ठेवू नये.

आईचे माहेर रामकुंडाच्या परिसरातल्या पंचवटीतले; तिथे गोदावरीला गंगाच म्हणतात. ‘गंगेला पाणी आले आहे, खालच्या वाटेने नको,’ असे ती रात्रीच म्हणाली होती आणि मी ते ऐकले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. गंगापूर धरणातून दोन दिवस विसर्ग सुरू होता. पहाटे पाणी थोडे ओसरले होते, पण वाटेवर घोटाभर गाळ साचला होता, दिवे बंद होते आणि अर्धा तास चालल्यावर पुढची वाट सरळ पाण्यातच उतरत होती. पकड असलेले बूट घालूनही मी दोनदा घसरलो. अडुसष्ट वर्षांच्या आईला त्याच चिखलातून हाताला धरून मागे आणले. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यानेही ही वाट विसर्ग चालू असताना धरू नये. नदीपात्रात उभ्या असलेल्या, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या पायांशी पाणी पोहोचल्याचे कळले, की अशोक स्तंभ, रविवार कारंजा आणि होळकर पूल असे वरूनच जावे.

मग हॉटेलच्या गाडीने रामकुंडाला गेलो; एवढ्याशा अंतरासाठी तिचे नऊशे रुपये लावले. परतताना रिक्षावाल्याने दीडशे घेतले. नदीकडील खोलीसाठी रात्रीला दीड हजार जास्त मोजले आणि चौदाव्या मजल्यावरून दोन्ही दिवस पावसाचा पडदाच दिसला, तेव्हा पावसाळ्यात ती खोली घेऊ नये. साडेसात हजारांवरील भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो द्यावाच लागतो. जेवणाच्या बिलात परस्पर जोडलेले दहा टक्के सेवा शुल्क मात्र मुळीच देऊ नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये अशा आकारणीला मनाई केली असून दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती कायम ठेवली आहे. अर्धा तास वाद घातल्यावर आमचे शुल्क वगळले. तसे न झाल्यास 1915 या क्रमांकावर तक्रार करावी.

मंगळवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो, काही अडचण आली नाही.

दर्शनासाठीच येणाऱ्यांनी पंचवटीतल्या साध्या लॉजमध्ये उतरावे आणि पाचच्या आत रांगेत उभे राहावे. आम्ही आठला पोहोचलो आणि अडीच तास ताटकळलो. पण पायऱ्या चढून, समोर नंदी नसलेल्या त्या गाभाऱ्यात आईने हात जोडले, तेव्हा माझा सारा थकवा निघून गेला.