तुम्ही विचारलंत म्हणून : दोरा दातांत असताना

डोंबिवलीत मी सोळा वर्षे पार्लर चालवते आहे. "तुम्ही मुळात इतक्या अबोल, मग दिवसभर अनोळखी बायकांशी बोलता तरी कशा?" हा प्रश्न नात्यातल्या बायका विचारतात आणि माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या लाजऱ्या मुली तर पहिल्याच आठवड्यात विचारतात. हे उत्तर विशेषतः त्या मुलींसाठी आहे.

पूर्वी मी नोकरी करत होते त्या पार्लरमध्ये ग्राहक खुर्चीत बसताच "चेहरा किती टॅन झालाय", "केस फार कोरडे पडलेत" असे म्हणून पॅकेज सांगण्याचा दंडक होता. माझ्या तोंडून ते शब्द निघतच नसत आणि त्यावरून बोलणीही खावी लागत. ते जमले नाही याचे मला आज समाधान वाटते, कारण आरशासमोर बसलेल्या बाईने स्वतःचे डाग आपल्याआधी शंभरदा पाहिलेले असतात.

गप्प राहण्याची मुभा आमच्या कामातच आहे. आयब्रो करताना दोऱ्याचे एक टोक मी दातांत धरते, ग्राहकाने दोन्ही हातांनी कपाळ आणि पापणी ताणून धरलेली असते, आणि त्या काही मिनिटांत कोणीच बोलत नाही, तरी कोणाला अवघडल्यासारखे होत नाही. वॅक्सिंगचे मात्र उलट आहे. वॅक्स जास्त गरम लागते का हे विचारावे लागते आणि पट्टी ओढण्यापूर्वी "आता ओढते हं" असे सांगावेच लागते. मला बोलणे सापडले ते इथेच : हात पुढे जे करणार आहेत, तेवढे तोंडाने सांगायचे. केस रंगवण्यापूर्वी तर विचारल्यावाचून गत्यंतर नसते. आधी मेंदी लावली होती का, रंगाने कधी खाज सुटली होती का, असे विचारून मी कानामागे रंगाचा ठिपका लावते आणि 48 तास थांबायला सांगते, कारण काळ्या रंगांत बहुधा असणाऱ्या पीपीडी या रसायनाची काहींना तीव्र ॲलर्जी होते. मेंदीच्या त्या एका प्रश्नावरून पुष्कळ जणी आपल्या आईच्या लोखंडी कढईपर्यंत पोहोचतात, आणि मग मला फक्त ऐकायचे असते. थेट डोळ्यांत पाहून बोलणे जड जात असेल, तर आरशात पाहून बोलावे. मी अजूनही तसेच करते.

एकदा केमोथेरपी पूर्ण झालेल्या एक काकू आल्या. "भुवया कोरायच्या नाहीत गं, उगवताहेत का तेवढे बघ," म्हणाल्या. धीर देणारे एकही वाक्य मला सुचले नाही. मी दिवा जवळ ओढला, लहान ब्रशने भुवया हलकेच विंचरल्या आणि जे दिसले ते सांगितले : "डावीकडे, शेवटाला, पाच-सहा नवे केस आहेत." त्यांनी हातातला आरसा अगदी नाकाजवळ नेऊन ते केस मोजले आणि त्यानंतर अर्धा तास त्या बोलत होत्या, मी "हो" आणि "मग?" यापलीकडे फारसे काही बोलले नाही.

काही महिन्यांनी त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "आता काढ दोरा." त्यांनी कपाळ ताणून धरले, मी दोरा दातांत धरला.