तुम्ही विचारलंत म्हणून : आणू का कुत्रा?

"मुलगी मागे लागलीय, आणू का कुत्रा?" हा प्रश्न मला भाजी घेताना विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय. आधी बंडू आणि आता चिंगी, यामुळे इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत मी या विषयातली जाणकार ठरले आहे. मी दर वेळी उलट विचारते, "कितवीत आहे मुलगी?"

लोकांना वाटतं, मुलगी कुत्र्याचं सगळं करेल का, हे मी चाचपतेय. मग ते सांगू लागतात, फार समजूतदार आहे हो, दप्तरसुद्धा स्वतः भरते. दप्तराशी मला काही कर्तव्य नसतं, मी मनात बेरीज करत असते. पाचवीतली मुलगी म्हणजे दहा-अकरा वर्षांची. लॅब्राडॉर आणलात तर तो साधारण १० ते १२ वर्षं जगणार, गावठी आणलात तर १३-१४ सुद्धा. म्हणजे कुत्रा थकेल तेव्हा मुलगी बावीस-तेवीसची. आणि नाशिकची बावीस-तेवीसची मुलं नाशकात असतात कुठे? ती पुण्यात, बंगळूरला, नाहीतर त्याहून लांब. पिल्लूपण मुलांच्या वाट्याला येतं आणि म्हातारपण आईबापांच्या. म्हणून मुलीला कुत्रा किती हवाय हे मला सांगूच नका. घरात आज जो "नको" म्हणतोय, त्याला काय वाटतं ते सांगा. राहणार तोच आहे.

आमच्याकडे "नको" म्हणणाऱ्या दोघी होत्या. मी केरवाऱ्यापायी, सासूबाई सोवळ्यापायी. "हवा" म्हणणारे दोघं, मुलगी आणि तिचे बाबा. बाबांची सातपूरला शिफ्ट ड्युटी, म्हणजे घरात नसण्याची सोय त्यांना आयतीच होती. मुलीने वहीच्या पानावर लिहून दिलं, सकाळी मी फिरवीन, शी मी उचलीन, केस मी विंचरीन. खाली झोकदार सही. बंडू घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते पान त्याने खाल्लं, त्यामुळे पुढे कधी दाखवायलाही काही उरलं नाही.

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. ते तीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ४२ पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या खाजतात आणि घरातली प्रत्येक वस्तू त्या खाजेवरचं औषध होते. टीव्हीचा रिमोट गेला. सोफ्याचा कोपरा गेला. कामाला येणाऱ्या मावशींची डावी चप्पल गेली, नवी घेऊन दिली तर तिचीही डावीच गेली. सासूबाईंचं कानाचं मशीन त्याच्या तोंडातून मी बोट घालून काढलं, तेव्हा ते आतून शिट्टी वाजवत होतं. ओलं फडकं फ्रीझरमध्ये कडक करून चघळायला दिलं की पिल्लू त्यात रमतं, ही युक्ती मावशींचीच. त्यांच्या बाळांना दात येताना त्या असंच गार फडकं द्यायच्या.

पण बंडूचा खरा मामला दातांचा नव्हता, भुकेचा होता. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की जवळजवळ एक चतुर्थांश लॅब्राडॉरच्या एका जनुकातला तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांची भूक इतरांपेक्षा जास्त असते. बंडूची तपासणी कोणी केली नाही. गरजच नव्हती.

पितृपक्षातली गोष्ट सांगते. सासऱ्यांची तिथी. वडे, खीर, भाज्या, कढी असं साग्रसंगीत पान कावळ्यासाठी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेलं. कावळा समोरच्या वायरवर, पण शिवेना. सगळे हात जोडून उभे. धाकटे दीर पुटपुटताहेत, "अण्णा, वाटण्या नीट करू, काळजी करू नका." नणंदेच्या डोळ्यांत पाणी. आणि मागच्या अंगणातून बंडू आला, पुढचे पाय भिंतीवर टाकले आणि दोन घासांत पान साफ केलं, अर्धं केळीच्या पानासकट. कोणाला श्वास घ्यायचं सुचेना. गुरुजी मात्र शांत. म्हणाले, "पंचबलीत गाय, कावळा, मुंग्या, देव यांच्या जोडीला श्वानाचाही भाग असतो. क्रम तेवढा चुकला." सासूबाई सुपारीचं खांड तोंडात टाकत म्हणाल्या, "हे अस्सेच होते. वाढलेल्या पानापुढे थांबणं त्यांना कधी जमलं नाही."

त्या दिवसापासून बंडूला देवघराच्या उंबऱ्यापर्यंत परवानगी मिळाली. पोळी पळवली की मी ओरडायचे आणि सासूबाई आतून नामदेवांची आठवण द्यायच्या. कुत्रा भाकरी घेऊन पळाला तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले होते, तू नुसतं लाटणं घेऊन कसली धावतेस! हिवाळ्यात इथे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा दोघांचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी व्हरांड्याच्या पूर्वेच्या टोकाला ऊन यायचं, तिथे त्यांची खुर्ची आणि खुर्चीखाली बंडू. ऊन सरकलं की आधी बंडू उठायचा, मग त्या मला हाक मारायच्या, "खुर्ची ओढ गं, हा गेला पुढे." दुपारपर्यंत दोघं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलेले असायचे. सोवळ्याचं काय झालं, हे मी विचारलं नाही. एवढी अक्कल मला होती.

आता जे कोणी विचारत नाही पण नाशिककरांना सांगायलाच हवं, ते सांगते. या जिल्ह्याला ज्या दोन पिकांनी नाव दिलं, नेमकी तीच दोन कुत्र्यांना विष आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगाव-दिंडोरीकडचे पाहुणे द्राक्षांची पेटी घेतल्याशिवाय येत नाहीत. द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला थोड्याच मण्यांनी धोका होतो, आणि आपला कुठला ते आधी कळत नाही. कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. त्याचं प्रमाण जातीनुसार आणि पिकण्यानुसार बदलतं, म्हणून परिणामही सारखा नसतो. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा आमटीचाही विचार करा. बेदाणे तर द्राक्षांहून वाईट, कारण पाणी उडून सगळं आटलेलं.

बंडूने टेबलावरची पेटी ओढून फोडली तेव्हा घरी मी एकटी होते. किती खाल्ली ते कळायला मार्ग नव्हता, देठ तेवढे शिल्लक होते. रिक्षावाला कुत्रा घ्यायला तयार होईना. म्हटलं, दुप्पट घ्या. तो म्हणाला, "पैशाचं नाही ताई, हा ओकेल." मी म्हटलं, "ओकावा म्हणूनच नेतेय." डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं, मग दोन दिवस सलाइन, मग मूत्रपिंडं नीट चालताहेत का ते सांगणारे क्रिएटिनिनचे रिपोर्ट. वाचला. अशा वेळी लक्षणांची वाट बघायची नसते, पहिले एक-दोन तासच हातात असतात. घरी मीठपाणी पाजत बसू नका, त्याने वेगळाच घोळ होतो.

दुसरं पीक कांदा. लासलगावचा असो नाहीतर दारातला, कच्चा, शिजवलेला, तळलेला, पूड केलेला, सगळा सारखाच. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि ते लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी तांबडी होते. म्हणजे मिसळीचा रस्सा, पोहे, चिवडा, वांग्याची भाजी, मराठी घरात प्रेमाने कुत्र्यापुढे सरकवलं जाणारं जवळपास सगळंच बाद. लसूण त्याचाच भाऊ.

बाकीचं तुमचे डॉक्टर सांगतीलच. रेबीजची लस टाळायची नाही, कारण लक्षणं दिसू लागली की त्यावर इलाज नसतो. पावसाळ्यात गवतातून फिरवून आणलं की कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधायचे, गोचीडतापाने रक्तातल्या प्लेटलेट कोसळतात. आणि शहराच्या कडेला राहत असाल तर रात्री उशिरा कुत्रा एकटा मोकळा सोडू नका. बिबट्या मळ्यांतून थेट वस्तीत येतो आणि कुत्रा ही त्याची सोपी शिकार.

मुलगी बारावीनंतर पुण्याला गेली, तिथून नोकरीला बंगळूरला. मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण ती सुखाची होती. सासूबाई गेल्या. बंडूने काही दिवस ऊन सोडून दिलं, मग पुन्हा बसायला लागला, एकटा.

त्याच्या मागच्या पायांतली ताकद आधी गेली. वजनदार जातींत कंबरेचे सांधे लवकर झिजतात, आणि आमच्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय चारी दिशांना जायचे. घरभर योगाच्या चटया अंथरल्या. ह्यांनी लाकडी खोक्यांच्या फळ्या आणून पायरीवर उतरण बांधली. पोटाखालून टॉवेल घालायचा, दोन्ही टोकं वर धरायची आणि त्याला अंगणात न्यायचं, सकाळी, दुपारी, रात्री अकराला आणि पहाटे कधीतरी. माझ्या कंबरेचं जे व्हायचं ते झालं. लहानपणी त्याला हाताच्या ओंजळीत घेऊन फिरणारी मुलगी व्हिडिओ कॉलवर विचारायची, "जेवला का?" तिचा त्यात काहीच दोष नव्हता. ती तिच्या वयाला शोभेल तिथे होती.

मग पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया या वयात झेपणार नाही. पुढचं वाक्य ते बोलले नाहीत, आम्हालाच बोलावं लागलं. नात्यातल्या एकांनी फोनवर सुनावलं की आपण कोण असा जीव घेणारे, भोग भोगून संपू द्यावेत. टॉवेलचं एक टोक धरायला ते कधी आले नव्हते, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, तो गाढ झोपतो, मग दुसरं. मुलीने फोन त्याच्या कानाशी धरायला सांगितला. मी धरला. तिने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, ते दोघांचं होतं. मखमलाबादला एका स्नेह्यांचा मळा आहे, तिथे बांधालगत त्याला पुरलं.

"कुत्राच तर होता" म्हणणारे भेटले. त्यांचा राग येत नाही, त्यांच्या घरात रोज दोन पोळ्या उरत नव्हत्या. माझ्या घरात उरत होत्या. कणीक हाताच्या सवयीने भिजते, मापाने नाही. पहिली गाईची, शेवटची कुत्र्याची हे लहानपणापासून कानावर पडलेलं, आणि त्या शेवटच्या पोळीचं काय करायचं ते मला बरेच दिवस कळलं नाही. मावशी घेऊन जायच्या. "मुलांना द्या," म्हटलं तर म्हणाल्या, "नाही, आमच्या गल्लीत एक व्यायलीय, तिला घालते."

चिंगी त्या व्यायलेलीची. गावठी, तांबूस, एक कान उभा आणि एक आडवा.

आणि इथे ती बेरीज मला वेगळ्या बाजूने करावी लागली. माझी पन्नाशी उलटलीय, ह्यांची निवृत्ती आली. चिंगी गावठी, काटक, पंधरा वर्षं काढेल. तेव्हा माझे गुडघे कुठे असतील? टॉवेल कोण धरेल? आणि टॉवेल मलाच लागायची वेळ आली तर चिंगीचं काय? म्हणून पिल्लू घरात घ्यायच्या आधी मी मुलीला फोन केला. "मला अजून एक हवीय," म्हटलं, "पण पुढे-मागे ती तुझी होऊ शकते. नको असेल तर आत्ताच सांग." पलीकडे ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जावयाच्या आधी कुत्री ठरवतेस तू." आणि मग, "चालेल. पण वजन वाढू देऊ नकोस, माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही."

तर, आणायचा का? तुमच्या घरचं मला काय ठाऊक. विचारणाऱ्यांना मी एवढंच सुचवते की जुलैतला एक आठवडा रोज पहाटे साडेपाचला या आणि पावसात चिंगीला फिरवून आणा. शी उचला, घरी आणून पाय पुसा, गोचीड शोधा. बहुतेक जण हसतात आणि येत नाहीत. मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या कुटुंबाने मनावर घेतलं. पहिल्या दिवशी मुलगी आणि तिचे आईबाबा तिघं रेनकोट घालून आले. दुसऱ्या दिवशी फक्त बाबा. तिसऱ्या दिवशी कोणीच नाही, म्हणून मुलीचे आजोबा छत्री घेऊन आले, की मुलांनी कबूल केलंय तर कोणीतरी जायला हवं.

त्यांनी कुत्रा आणला नाही. आजोबा मात्र अजून येतात, पावसाळा संपला तरी. चिंगी पाच वाजताच फाटकाशी जाऊन बसते. परवा ते खिशातून कागदाची पुडी काढताना दिसले. मी आतूनच ओरडले, "काका, चिवडा नको, कांदा असतो त्यात!"

"माहितीय," ते म्हणाले, "रात्री बसून निवडलाय."

पुडी काढून घेतली. तळलेल्या कांद्याचा वास तेलाला असतोच. काका रुसले, पण सकाळी आले.