सोळा नव्हे, एक-सहा

डेंटलच्या मुलांना ‘डिजिटल’ शिकवायचं म्हटलं की स्कॅनर आणि सॉफ्टवेअरच डोळ्यांपुढे येतं. सोलापूरच्या ओपीडीत सुरुवात दाताच्या नंबरापासूनच करावी. आपल्याकडच्या एफडीआय पद्धतीत पहिला आकडा जबड्याच्या भागाचा, दुसरा त्यातल्या दाताचा; १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ. अमेरिकी युनिव्हर्सल पद्धतीत १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ, म्हणजे आपली २८. सॉफ्टवेअर बसवताना ही सेटिंग कुणी पाहिली नाही, तर नोंद बिनचूक दिसते आणि दात मात्र भलताच असतो. म्हणून तोंडीसुद्धा ‘सोळा’ नको, ‘एक-सहा’ म्हणायची सवय लावा.

मग फोटो. मिश्री आणि माव्यामुळे आलेले पांढरे चट्टे इथे नेहमीचेच. सल्ल्यासाठी पाठवायचे तर ते नीट दिसले पाहिजेत. ओठ-गाल बाजूला धरणारा रिट्रॅक्टर लावा, गॉजने लाळ टिपा, तोंडात धरायचा आरसा कोमट पाण्यात बुडवून पुसा, नाहीतर श्वासाने त्यावर वाफ धरते. मोबाइल ओठांना भिडवला की पुढचे दात फुगतात आणि दाढा बारीक दिसतात. वीतभर लांब धरून दुप्पट झूम करा. चट्ट्याशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. गॉजने चट्टा हलकेच पुसून दुसरा फोटो घ्या: निघून आला तर बुरशीची शंका, निघाला नाही तर काळजी जास्त.

आरशातला फोटो उलटा येतो. तो आडवा फ्लिप केला नाही तर १६ची कीड २६ला जाऊन बसते. अपलोड करण्याआधी रुग्णाची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे आहे ना, हे प्रत्येक वेळी बघायचं.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो दाबला जातो, चट्ट्याची कड पुसट होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पण मूळ फाइलबरोबर लोकेशनही जाऊ शकतं, तेव्हा कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच बंद ठेवा. फाइलवर रुग्णाचं नाव नको, ओपीडी नंबर पुरे. आणि मुलांच्या फोनवरचा गॅलरी बॅकअप! तो बंद करायचा हमखास राहून जातो.

शहराच्या पूर्व भागातून विडी वळणाऱ्या तेलुगू बायका येतात. मराठी फॉर्मवर त्यांची सही घेतली म्हणजे संमती झाली असं नाही. फोटो कोण बघणार, चेहरा दिसणार का, नाही म्हटलं तरी उपचार होणारच, ही तीन वाक्यं तेलुगू आणि कन्नडमध्ये मुलांकडून पाठच करून घ्या. १४ अंकी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा क्रमांक, आधारवरून काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात असू शकतो. अशा वेळी आभाचा रकाना रिकामा सोडा आणि बाईंना खुर्चीवर घ्या.